हरकतीची ओळ

सरकारकडून आलेलं पाकीट निमकर काकू कधीही बसून उघडत नसत. आधी खुर्ची मागे सरकवून उभ्या राहायच्या, स्वेटरची वरपर्यंतची बटणं लावायच्या आणि मग कात्रीने पाकिटाची कड अगदी सरळ कापायच्या. आतला कागद वाचून होईपर्यंत ऑफिसात कोणी त्यांच्याशी बोलायचं नाही, हे सगळ्यांना ठाऊक होतं. मी नवीन होते तेव्हा एकदा न राहवून विचारलं, "काकू, बसून वाचा ना. उभ्या कशाला राहता?" त्या म्हणाल्या, "अकोल्याला माझ्या वडिलांना सस्पेन्शनचं पत्र आलं, तेव्हा ते खुर्चीत बसले होते. वाचलं आणि संध्याकाळपर्यंत उठलेच नाहीत. उभं असलं तं निदान पाय तरी चालतात बाप्पा."

न्यू जर्सीतल्या आमच्या काउंटीचं, म्हणजे आपल्याकडच्या भाषेत जिल्ह्याचं, ते सरकारी हॉस्पिटल. खिशात विमा असो नसो, दारात आलेल्याला परत पाठवायचं नाही असा तिथला नियम. पासष्टीच्या पुढच्या लोकांसाठी इथे मेडिकेअर नावाचा सरकारी विमा असतो. त्याच्याकडून हॉस्पिटलला कोणत्या दराने पैसे मिळावेत, हे ज्या जाडजूड वार्षिक रिपोर्टवरून ठरतं तो रिपोर्ट काकू तयार करत. मी त्यांच्या हाताखालची अ‍ॅनालिस्ट. इथल्याच पिस्कॅटवेच्या विद्यापीठातून शिकून बाहेर पडले होते, व्हिसा याच नोकरीवर अवलंबून होता, आणि नोकरी गेली तर साठ दिवसांत गाशा गुंडाळायचा होता. त्यामुळे भीतीच्या बाबतीत आम्ही दोघी एकाच शाळेतल्या. काकू फक्त बऱ्याच वरच्या इयत्तेत होत्या.

त्यांना कशाची भीती वाटत नसे असं नव्हतंच काही. लिफ्टची वाटे, म्हणून तीन जिने चढून येत. पार्किंगमधल्या हंसांची वाटे. हे इथले हंस मोठे भांडकुदळ असतात हे खरं, पण काकू ते रस्ता ओलांडेपर्यंत गाडीत काचा लावून बसून राहायच्या आणि मग ऑफिसात येऊन चार मिनिटं उशीर झाल्याबद्दल माफी मागायच्या. गाडी इतकी हळू चालवत, की एकदा पोलिसाने हळू चालवण्याबद्दलच त्यांना थांबवलं. तो बिचारा हसून सोडून देत होता, पण काकूंनी त्याच्यापुढे लायसन्स, रजिस्ट्रेशन, इन्शुरन्स आणि वर नागरिकत्वाच्या सर्टिफिकेटची झेरॉक्स असं सगळं मांडलं. नागरिक होऊन त्यांना पंचवीस वर्षं उलटली होती आणि ती झेरॉक्स अजून पर्समध्ये होती. "आता कोण विचारतंय काकू?" मी म्हटलं, तर म्हणाल्या, "विचारतील तेव्हा तू असशील का तिथे?" ओक ट्री रोडवरच्या देशी दुकानात घेतलेल्या मेथीच्या दोन जुड्यांची पावतीसुद्धा त्या महिनाभर जपून ठेवत.

आम्ही त्यांची थट्टा करायचो. पण कामाच्या बाबतीत मात्र सगळं ऑफिस त्यांच्या भरवशावर असायचं. सरकारी मुदतींचा त्यांनी एक तक्ता भिंतीवर लावला होता आणि त्यातली एकही मुदत त्यांच्या काळात चुकली नाही. मी कौतुक केलं की म्हणायच्या, "घाबरलेलं माणूस तारीख विसरत नाही." एखाद्या साहेबाने तोंडी काही सांगितलं, तर लगेच वहीत तारीख-वार घालून लिहून ठेवायच्या. त्यावर त्यांचं ठरलेलं वाक्य होतं: "साहेब बदलतो, कागद राहतो." हे वाक्य त्या अशा काही आवाजात म्हणत, की कागद राहतो हा दिलासा आहे की धमकी ते मला कधी कळलं नाही.

एकाच ठिकाणी मी त्यांना निर्धास्त पाहिलं. चौथ्या मजल्यावर बाळंतपणाचा वॉर्ड होता. दुपारी डबा खाऊन झाला की काकू एक जिना चढून तिथे जात आणि काचेपलीकडच्या बाळांकडे पाच मिनिटं बघून परत येत. मी एकदा सोबत गेले तेव्हा त्यांनी सांगितलं. लग्न होऊन इथे आल्या त्याच वर्षी यजमानांची कंपनी बुडाली, विमा गेला, आणि काकूंना आठवा महिना. दोन हॉस्पिटलांनी आधी पैसे भरा म्हणून सांगितलं. कळा सुरू झाल्यावर यजमानांनी त्यांना इथे आणलं. दारातल्या नर्सने नाव विचारलं, चाकाची खुर्ची आणली आणि सरळ वर नेलं. "माझी मेघना इथे झाली," काकू म्हणाल्या. "त्या दिवशी मला कोणी कागद मागितला नाही. या एवढ्या मोठ्या देशात तशी एकच जागा सापडली मला." वर्षभरातच त्यांनी कम्युनिटी कॉलेजात अकाउंटिंग शिकायला सुरुवात केली आणि याच हॉस्पिटलात बिलांच्या खिडकीवर कारकून म्हणून लागल्या. यजमान वारल्यावरही त्यांनी ही नोकरी सोडली नाही.

आता त्या ओळीबद्दल सांगायला हवं, कारण काकूंची गोष्ट त्या ओळीची आहे.

ज्या हॉस्पिटलात गरीब रुग्ण जास्त, त्याला मेडिकेअर थोडा वाढीव दर देतं. हे 'जास्त' किती, ते रुग्ण हॉस्पिटलात किती दिवस राहिले त्यावरून मोजतात. सरकारने हुकूम काढला होता, की अमुक एका गटातल्या रुग्णांचे दिवस यात धरायचे नाहीत. आमच्या हॉस्पिटलात नेमके तेच रुग्ण ढिगाने. हुकूम आहे म्हटल्यावर रिपोर्ट त्याप्रमाणेच भरायचा, त्याला इलाज नाही. पण रिपोर्टात एक ओळ असते. 'आम्ही तुमच्या हुकमाप्रमाणे भरलं आहे, पण आम्हाला ते मान्य नाही आणि आमच्या मते इतका फरक पडतो,' असं सांगणारा आकडा त्या ओळीवर टाकायचा. इंग्रजीत तिला प्रोटेस्टची ओळ म्हणतात. आम्ही दोघी आपसात हरकतीची ओळ म्हणायचो. ती भरली असेल, तरच पुढे अपील करता येतं. कोरी सोडली, की पुढे कितीही नामांकित वकील लावा, सरकार म्हणतं, तेव्हा का बोलला नाहीत?

त्या वेळी हॅलरन नावाचे साहेब आमच्या खात्याचे प्रमुख होते. माणूस वाईट नव्हता. वाढदिवसाला सगळ्यांना स्वतः डोनट आणायचा. पण त्याला ऑडिटची धास्ती होती. "सरकारला उगीच डिवचू नका, ती ओळ कोरी ठेवा," असं त्याने काकूंना सांगितलं. काकूंनी दोन वर्षं ती कोरी ठेवली. मला एकदा त्या म्हणाल्या होत्या, "हे बरोबर नाही हे मला कळत होतं. दोन्ही वेळा घरी जाऊन जेवले नाही. पण साहेबांसमोर मान हलवून आले होते ना." आपल्या लोकांना हे वेगळं समजावून सांगायला नको. परक्या देशात वरिष्ठाने सांगितलं की मान आपोआप हलते, आणि मग आयुष्यभर मानेला दोष देत बसायचं.

तिसऱ्या वर्षी रिपोर्टची छापील प्रत मी पानापानाने तपासत होते आणि त्या ओळीवर मला आकडा दिसला. मला वाटलं, मीच कुठेतरी घोळ घातला. पान घेऊन धावत काकूंकडे गेले.

"काकू, इथे आकडा आलाय. साहेबांनी कोरं ठेवायला सांगितलंय ना?"

काकूंनी ते पान माझ्या हातातून काढून घेतलं. "तुला काही दिसलं नाही."

"अहो, पण..."

"अनघा, तुझा व्हिसा आहे. हे पान तू तपासलंच नाहीस. हे बघ, तपासणीच्या तक्त्यावर या पानासमोर माझी सही आहे. तुझी नाही." त्यांचा आवाज इतका बारीक झाला होता की मला पुढे वाकून ऐकावं लागलं. "चौथा मजला परवडत नाही म्हणायला लागले आहेत वरचे लोक. मीटिंगमधून ऐकून आले मी. उद्या कोणाला लढायचं झालं, तर धरायला काही तरी पाहिजे न बाप्पा."

"साहेबांनी बघितलं तर?"

"तर मी घरी जाईन," काकू म्हणाल्या आणि त्यांनी टेबलाची कड घट्ट पकडली.

साहेबांनी बघितलं नाही. ते फोनवर बोलत होते. काकूंनी पुढे केलेल्या कागदावर त्यांनी बोलता बोलताच सही केली आणि रिपोर्ट गेला. त्यानंतर आम्ही दोघी या विषयावर एक अक्षर बोललो नाही. पण हॅलरन आमच्या टेबलांकडे येताना दिसला की काकूंच्या हातातलं पेन थांबायचं, आणि मी उगीचच ड्रॉवर उघडून काहीतरी शोधू लागायचे. तो बहुतेक वेळा स्टेपलर मागायला येत असे.

सरकारचं काम सरकारच्या चालीने चालतं. काही वर्षं गेली आणि त्या तिन्ही वर्षांच्या दरांची अंतिम पत्रं एकापाठोपाठ एक आली. तोपर्यंत हॅलरन सगळ्या हॉस्पिटलचा मुख्य झाला होता. पत्रांत अपेक्षेप्रमाणे त्या गटाचे दिवस धरलेलेच नव्हते. दर कमी आला, आणि त्याच आठवड्यात चौथा मजला बंद करण्याचा प्रस्ताव हॉस्पिटल चालवणाऱ्या बोर्डापुढे गेला. सगळ्यात जवळचं दुसरं बाळंतपणाचं हॉस्पिटल गाडीने चाळीस मिनिटांवर. ज्यांच्याकडे गाडी नाही त्यांनी काय करायचं, याबद्दल प्रस्तावात काहीच नव्हतं.

अपील करायला एकशे ऐंशी दिवसांची मुदत असते. काकूंनी तक्त्यावर ती तारीख लाल शाईने लिहिली. पण सरकारी हॉस्पिटलला कोर्टकचेरीसाठी बाहेरचा वकील हवा असला, तर आपल्या मनाने लावता येत नाही. बोर्डाच्या जाहीर मीटिंगमध्ये ठराव करावा लागतो, लोकांना बोलायला संधी द्यावी लागते, मगच मतं. बोर्डाने वॉशिंग्टनच्या एका वकीलबाईंना बोलावलं होतं. हॅलरनचं म्हणणं, वकिलावर खर्च करण्यात अर्थ नाही, कारण तिन्ही वर्षं आपण हरकत घेतलेलीच नाही. तसं आपणच ठरवलं होतं, हे तो छातीठोक सांगत होता. रिपोर्ट उघडून ते पान बघायला कोणालाही मनाई नव्हती. पण साहेब स्वतः सांगतायत म्हटल्यावर शेकडो पानं कोण चाळणार?

त्या दिवसांत मी काकूंना जितकं घाबरलेलं पाहिलं तितकं आधी कधी पाहिलं नव्हतं. त्यांच्या निवृत्तीला तीन महिने राहिले होते. त्यांनी मनाशी नाना तर्क रचले होते: आपण साहेबाचा हुकूम मोडला, सरकारी रिपोर्टात मोडला, म्हणजे पेन्शन जाणार, पोलीस येणार, पेपरात नाव येणार, मेघनाला तिच्या ऑफिसात तोंड दाखवायला जागा राहणार नाही. मी म्हटलं, "काकू, आकडा खरा आहे. खरं लिहिण्यात कसला गुन्हा?" तर म्हणाल्या, "माझे वडीलही खरंच लिहीत होते."

मी सुचवलं, की त्या पानाची प्रत वकीलबाईंना निनावी पाठवून देऊ. काकूंनी नकारार्थी मान हलवली. "निनावी पाठवलं, की पहिला प्रश्न, कोणी पाठवलं? दुसरा, या रिपोर्टवर कोण कोण काम करतं? आपण दोघीच तं आहोत." मग त्या हॅलरनला एकट्याला गाठून सांगायचं म्हणून निघाल्या. त्या आठवड्यात तीनदा त्याच्या दारापर्यंत जाऊन आल्या. तिसऱ्यांदा परत आल्या तेव्हा त्यांचा चेहरा पांढराफटक पडला होता. "दार उघडंच होतं," म्हणाल्या. "आत पाय टाकवला नाही."

मीटिंग संध्याकाळी पाचला होती. मुदतीआधीची ती शेवटची मीटिंग. हॉलमध्ये बरीच गर्दी होती, वॉर्डातल्या नर्सेस, दोन-तीन पोटुशा बायका, एक बाळ रडत होतं. ज्याला बोलायचं असेल त्याने दारात एका कार्डावर नाव लिहून द्यायचं आणि नाव पुकारलं की माइकपाशी जायचं. तीन मिनिटं. माइकजवळ एक दिवा असतो, हिरवा असेतो बोला, पिवळा झाला की आवरा, लाल झाला की थांबा. काकूंनी कार्ड भरलं होतं पण दिलं नव्हतं. ते त्यांच्या घामेजलेल्या मुठीत मऊ पडलं होतं.

वकीलबाई उंच, शांत, फार कमी बोलणाऱ्या होत्या. बोर्डाच्या अध्यक्षांनी विचारलं, जिंकण्याची शक्यता किती? त्या म्हणाल्या, "ज्या वर्षी हरकतीची ओळ कोरी आहे, त्या वर्षासाठी मी काहीही करू शकत नाही. एका जरी वर्षी ती भरलेली असेल, तर मला उभं राहायला जागा आहे."

"तिन्ही वर्षी कोरी आहे," हॅलरन म्हणाला. अध्यक्षांनी कागद उलटला.

माझ्या शेजारी खुर्ची सरकल्याचा आवाज आला. काकू दाराजवळच्या कारकुनाकडे गेल्या, कार्ड दोन्ही हातांनी दिलं आणि परत न येता तिथेच भिंतीला टेकून उभ्या राहिल्या. आधी चार लोक बोलले. ते काय बोलले ते मला काहीही आठवत नाही. मग अध्यक्षांनी 'सुमती निमकर' हे नाव कसंबसं उच्चारलं.

त्या माइकसमोर गेल्या. माइक त्यांच्या कपाळापाशी येत होता आणि तो खाली करायला त्यांनी हात लावला नाही. इंग्रजीतच बोलल्या, पण एकेक शब्द सुटा, जसा आकडे वाचून दाखवताना बोलतात. म्हणाल्या, "मी हे रिपोर्ट तयार करते. पहिल्या दोन वर्षी ती ओळ कोरी आहे. मला कोरी ठेवायला सांगितलं आणि मी ठेवली. ते चूक आहे हे मला माहीत होतं. ती माझी चूक आहे. तिसऱ्या वर्षीही कोरी ठेवायला सांगितलं होतं. मी ती भरली. मिस्टर हॅलरनांना मी तसं सांगितलं नाही. त्यांनी सही केली. ते पान माझ्याकडे आहे." त्यांनी पर्समधून घडी केलेला कागद काढला. तो उलगडताना त्याची फडफड माइकमधून साऱ्या हॉलला ऐकू आली. "माझ्या ऑफिसात हे दुसऱ्या कोणालाही माहीत नव्हतं."

हे वाक्य बोलताना त्यांनी माझ्याकडे पाहिलं नाही. मी मांडीवरच्या माझ्या हातांकडे बघत बसले. उठून म्हणता आलं असतं, मला माहीत होतं. जीभ टाळ्याला चिकटली होती, हे खरं, पण मी तिला सोडवायचा प्रयत्न केला नाही, हेही तितकंच खरं.

"माझी मुलगी या हॉस्पिटलच्या चौथ्या मजल्यावर जन्मली," काकू पुढे बोलू लागल्या. "मी त्या दिवशी..." आणि दिवा लाल झाला. काकू थांबल्या. वाक्य तसंच अर्धवट टाकून त्यांनी तोंड मिटलं. अध्यक्ष म्हणाले, "प्लीज, पुढे बोला मिसेस निमकर, वेळ देतो आम्ही." काकूंनी दिव्याकडे बोट दाखवलं, "माझी वेळ संपली" म्हणाल्या, कागद वकीलबाईंच्या पुढ्यात ठेवला आणि येऊन माझ्या शेजारी बसल्या. हॅलरनचा चेहरा लालबुंद झाला होता. बोर्डाच्या नऊ जणांपैकी सहा जणांनी वकील लावण्याच्या बाजूने हात वर केले. नर्सेसनी टाळ्या वाजवल्या. काकू मला हळूच म्हणाल्या, "बाहेर पोलिसाची गाडी आहे का गं, बघून ये."

बाहेर गाडी होती, पण ती रोजचीच, हॉस्पिटलच्या चौकीची. मी काकूंना 'नाही' म्हणून सांगितलं.

दुसऱ्या दिवशी त्यांना पत्र मिळालं. वरिष्ठांच्या सूचनेविरुद्ध वागल्याबद्दल चौकशी करण्यात येत असून, ती पूर्ण होईपर्यंत त्यांनी पगारी रजेवर राहावं. पुढे चौकशी कोणी केलीच नाही. वकीलबाईंनी मुदतीत अपील दाखल केलं, चौथ्या मजल्याचा प्रस्ताव निकाल लागेपर्यंत बाजूला ठेवला गेला, आणि ज्या बाईच्या कागदावर सगळं उभं आहे तिची चौकशी करायला कोणाला तोंड उरलं नाही. हॅलरन काही महिन्यांनी दुसरीकडे निघून गेला. काकू रजेवर असतानाच निवृत्त झाल्या. पेन्शन सुरू झालं. इथलं आयसेलिनचं घर विकून त्या शिकागोजवळ शॉमबर्गला मेघनाकडे राहायला गेल्या. जाताना मला मुदतींचा तक्ता देऊन गेल्या आणि म्हणाल्या, "लाल शाई संपू देऊ नको."

त्यांची जागा मला मिळाली, व्हिसाचं ग्रीन कार्ड झालं. ऑफिसात कोणी नवीन माणूस आला, की मी त्याला निमकर काकूंची गोष्ट रंगवून सांगायचे. एवढीशी बाई, हंसांना भिणारी, आणि भर मीटिंगमध्ये साहेबाच्या तोंडावर कशी उभी राहिली! लोक भारावून ऐकायचे. कोणी कोणी म्हणायचे, "व्हॉट अ फियरलेस लेडी." मी मान डोलवायचे.

अपिलाचा निकाल लागायला चार वर्षं गेली. सुनावणीपर्यंत गोष्ट गेलीच नाही, तिसऱ्या वर्षाबाबत सरकारने आमचं म्हणणं मान्य केलं. पहिली दोन वर्षं गेली ती गेलीच, पण त्या एका वर्षाच्या वाढीव दरावर बोर्डाने चौथा मजला बंद करण्याचा प्रस्ताव कायमचा मागे घेतला. मी आनंदाने उड्या मारत शॉमबर्गला फोन लावला. मेघनाने उचलला. काकू दीड महिन्यापासून अंथरुणावर होत्या, हृदय थकत चाललं होतं. फोन त्यांच्या कानाशी धरते म्हणाली.

"काकू! जिंकलो आपण! वॉर्ड राहिला!"

काकूंनी विचारलं, "अनघा, माझी चौकशी संपली का?"

मला आधी कळलंच नाही त्या कशाबद्दल बोलतायत. "कसली चौकशी काकू? ती तर कधीच..."

"पत्र आलं होतं न. पूर्ण होईपर्यंत रजेवर राहा म्हणून. पूर्ण झाली म्हणून कुठं आलं?"

"अहो, कोणी काही करणार नाही आता तुम्हाला."

"लिहून दिलंय का तसं कोणी?"

मेघनाने नंतर वेगळा फोन करून मला सांगितलं, अर्धं इंग्रजीत, अर्धं मराठीत. "शी वॉज ऑलवेज वेटिंग, अनघा. मेलची गाडी आली की शी वुड गो स्टँड बाय द डोअर. मी विचारायचे, आई, काय झालं? काही नाही म्हणायची. आय थॉट इट वॉज जस्ट हर वे." पत्त्यातला बदल त्यांनी हॉस्पिटलला रजिस्टर्ड टपालाने कळवला होता. चौकशीचं पत्र चुकून दुसऱ्याच्या घरी जायला नको म्हणून.

मी एचआरमध्ये गेले. तिथल्या माणसाने फाइल शोधली. ती खरंच उघडी होती, चार वर्षं कोणीही हात न लावलेली. नव्या मुख्य बाईंना मी सगळं सांगितलं. त्यांनी हॉस्पिटलच्या लेटरहेडवर चार ओळी लिहून दिल्या. मी ते कुरिअरने शॉमबर्गला पाठवलं. पत्र पोचलं तेव्हा मेघनाने फोन स्पीकरवर ठेवला आणि इंग्रजीत वाचून दाखवलं. काकू म्हणाल्या, "अनघाला मराठीत सांगू दे." माझ्याकडे त्याची प्रत होती. मी वाचलं: श्रीमती सुमती निमकर यांच्याविरुद्धची चौकशी बंद करण्यात आली आहे. त्यांच्याकडून कोणताही गैरप्रकार झालेला नाही. हे हॉस्पिटल त्यांचं ऋणी आहे.

"सही कोणाची?" काकूंनी विचारलं. मी नाव सांगितलं, हुद्दा सांगितला.

"आजची तारीख आहे?"

"परवाची आहे काकू."

"बरं बाप्पा," त्या म्हणाल्या. "मग आता झोपते जरा."

नऊ दिवसांनी काकू गेल्या. मेघना म्हणते, ते नऊ दिवस त्यांना फार छान झोप लागली.

ते पत्र मिळवायला मला दोन दिवस लागले होते. चार वर्षांपूर्वीही दोनच लागले असते. त्या फाइलचं काय झालं, हा प्रश्न माझ्या मनात कधी आलाच नाही असं मी मेघनाला सांगितलं, आणि ते खोटं आहे. तो आला होता, एकदा नव्हे, अनेकदा. मी विचारलं नाही, कारण फाइल उघडली असती तर ते पान आणखी कोणी पाहिलं होतं, हेही कोणीतरी विचारलं असतं.